तीन नंबरची काच

४ मार्च

प्रिय आत्या,

फोनवर तुला आता नीट ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून पत्र.

मला नवं काम मिळालं आहे. कुलूपवाल्यांच्या गल्लीच्या टोकाला जुनं चॅपेल आहे, त्याची तपासणी करायची. घुमटाखालची भेग अजून हलते आहे की थांबली आहे, एवढंच सांगायचं. हलत असेल तर चॅपेल बंद होईल. अहवाल तीस तारखेला द्यायचा आहे.

ते चॅपेल तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तू तिथे सहा वर्षं झाडलोट केलीस. बाबा तीच भेग मोजायला जायचे आणि तिथेच वरून पडले. मी तेव्हा सात वर्षांची होते. त्यावर आपण दोघी आजवर मिळून दहा वाक्यंही बोललो नसू. तू मला वाढवलंस, शिकवलंस, त्यामुळे तुझ्या गप्प बसण्याचा मान ठेवणं मला जमत गेलं.

हे काम मी मागून घेतलं. नगर कार्यालयात चॅपेलची फाइल आहे. तिच्यात चौकशीचा निकाल एका ओळीत लिहिला आहे: ‘मोजणीदाराने कमरेचा दोर स्वतः सोडला, मृत्यू त्याच्याच निष्काळजीपणामुळे.’ जो माणूस मला स्टुलावर चढतानाही दोन्ही हात मोकळे ठेवायला सांगायचा, तो दहा मीटरवर उगाच दोर सोडणार नाही. कारण असणार. ते पुराव्यासह दाखवलं तर ओळ बदलता येते. मी नियम वाचला आहे. मला ती ओळ बदलून हवी आहे. कार्यालयात आमचं नातं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आज पहिल्यांदा आत गेले. इमारत मला वाटलं होतं त्याहून लहान आहे. अष्टकोनी, आतून आठ मीटर नव्वद. दोनशे चाळीस वर्षांपूर्वी शहरातल्या गवंड्यांनी आणि चुना भाजणाऱ्यांनी मिळून बांधली, कामावर पडून मेलेल्या आपल्या माणसांसाठी. सात भिंती उभ्या राहिल्या आणि आठवीचा पाया खणताना खाली जुनी विहीर लागली. विहीर बुजवायच्या ऐवजी त्यांनी भिंतच नऊ इंच आत ओढली. कुणाच्या लक्षात येणार नाही असं त्यांना वाटलं असावं. पण घुमटाच्या दगडी फासळ्या आठही भिंतींवरून निघतात, त्यामुळे त्या मध्यावर भेटतच नाहीत. एका बाजूला सरकून भेटतात. आठव्या फासळीला उगाच मार बसला आणि भेग तिथूनच सुरू झाली. चुका करून पडलेल्यांसाठी बांधलेल्या इमारतीत एक चूक मुद्दाम ठेवल्यासारखी आहे.

आणखी एक. मी मोजताना आकडा मोठ्याने म्हणते, सवय आहे. तो वरून परत येतो, पण माझ्या आवाजात नाही. पुरुषाच्या आवाजात. कारण सरळ आहे: घुमटाची वीट पातळ सूर गिळते आणि जाड तेवढे परत पाठवते. कारण सरळ असलं तरी तिसऱ्या आकड्यानंतर मी मनात मोजायला लागले.

त्या दिवशी तू तिथे होतीस. काय आठवतं ते लिही. क्रमाने लिहिलंस तर बरं.

तुझी,
फूटपट्टी


८ मार्च

माझ्या फूटपट्टी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चहा उतू घालवला. सात वर्षांची होतीस तेव्हा माझी भाकरी गोल नाही हे तू पट्टी लावून दाखवलं होतंस. आता चॅपेलला लावते आहेस. लाव. पण हेच का? शहरात काय पडक्या इमारतींचा दुष्काळ पडलाय?

क्रमाने लिही म्हणतेस. क्रम काय, घडलं ते एका क्षणात घडलं. मी तेव्हा मागच्या अंगणात बादल्या धूत होते. आवाज आला, आत धावले, संपलं होतं. डॉक्टर येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसले. तुला शाळेतून आणायला कुणी जायचं यावरून बाहेर दोन माणसं वाद घालत होती ते मात्र स्पष्ट आठवतं. बाकी नाही. बावीस वर्षं होत आली, पोरी. मला काल काय खाल्लं ते आठवत नाही.

विहिरीचं बरोबर आहे. आम्ही झाडणाऱ्या बायका त्या आठव्या भिंतीपाशी कान लावून पाण्याचा आवाज ऐकायचो. मला कधी आला नाही, पण दुसरीला यायचा म्हणून मीही हो म्हणायचे. आणि तू मोजलं नसशील असं एक सांगते. आत येऊन जो कुणी वर बघतो, तो नकळत डावीकडे सरकतो. घुमट वाकडा ना, माणूस त्याच्या मध्याखाली उभं राहायला जातो. फरशी बघ तिथली. पायाने खोलगट झालीये. तिथं मी दोनदा पुसायचे.

बाबाचं नाव फाइलमध्ये कसं आहे याने त्याला आता काही फरक पडत नाही. मेलेल्या माणसाला निष्काळजी म्हटलं काय, हुशार म्हटलं काय. काम दुसऱ्या कुणाला दे. तुझ्या हाडांत अजून उंचीची भीती आहे, ती मला माहीत आहे. तू लपवतेस म्हणून मी बोलत नाही.

गुडघे तसेच. जिना चढताना ते बोलतात, मी ऐकते. कानांपेक्षा तेच बरे.

आत्या


१२ मार्च

प्रिय आत्या,

फरशी मोजली. खोलगटपणा चौदा मिलिमीटर, घुमटाच्या वाकड्या मध्याच्या बरोबर खाली. तुझं निरीक्षण अहवालात घालते आहे, तुझं नाव न घालता.

उंचीबद्दल: भीती आहे. परांचीवर चढताना मी पायऱ्या मोजते. सदतीस आहेत.

आता जे लिहिते आहे त्याचा अर्थ मला लागत नाही, म्हणून फक्त दिसलं ते लिहिते.

भेग हलते का हे बघायची बाबांची पद्धत जुनी आणि चांगली होती. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची, बोटाएवढी. तिची दोन्ही टोकं भेगेच्या दोन अंगांना प्लास्टरने पक्की करायची आणि काचेवर हिऱ्याच्या टोकाने तारीख कोरायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. हलली नाही तर काच तशीच राहते. माणूस नसताना काच पहारा करते. बाबांच्या वहीप्रमाणे त्यांनी अशा तीन काचा लावल्या होत्या: एक आणि दोन नंबर सज्जाच्या जवळ, तीन नंबर वर, फासळीच्या दर्शनी बाजूला, साडेदहा मीटरवर.

एक आणि दोन जागेवर आहेत, शाबूत. तीन नंबरच्या जागी प्लास्टरचे दोन गोळे तेवढे दिसतात. तिथवर अजून मी पोचलेले नाही.

पण सज्जापाशी, भेगेच्या खालच्या टोकाला, आणखी काचा आहेत. बाकावर उभं राहिलं की हात पोचेल अशा उंचीवर, एकाखाली एक. धूळ पुसत गेले तशा निघत गेल्या. वीस आहेत. प्रत्येकीवर तारीख कोरलेली आहे. दिवस आणि महिना एकच: १४ ऑक्टोबर. वर्षं वेगळी. पहिली काच बाबा गेल्यानंतर बरोबर एक वर्षाने लावलेली आहे. मग दरवर्षी एक. गेल्या ऑक्टोबरची तेवढी नाही.

अक्षर बाबांचं आहे. मी त्यांची वही शेजारी धरून बघितली. चारचा पोटातला गोल, एकची वाकडी मान. मी आकडे बघूनच पोट भरते, माझी यात चूक होत नाही.

सज्जात मी बराच वेळ उभी होते. सकाळचे अकरा वाजले होते, खाली एक म्हातारं जोडपं बसलं होतं, खिडकीतून गाडीवाल्याची ओरड येत होती. तरी मी काचा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मेल्यानंतर वीस वर्षं दर पुण्यतिथीला येऊन कुणी आपलं काम पुढे चालू ठेवतंय, असं त्या काचा सांगत होत्या. मी मोठ्याने “वीस” म्हणाले. वरून त्यांनीही वीस म्हटलं.

चॅपेलच्या राखणदाराला विचारलं. माणूस सत्तरीचा, थट्टेखोर. म्हणाला, “भुतं नाहीत हो बाई इथं. इथली थंडी त्यांना सोसत नाही.” काचांबद्दल विचारल्यावर मात्र किल्ल्या वाजवत बसला.

तुला यातलं काही ठाऊक आहे का?

फूटपट्टी


१५ मार्च

फूटपट्टी,

मला काय ठाऊक असणार? कुणी खोडसाळपणा केला असेल. शहरात रिकामटेकडे का कमी आहेत. वीस काय, चाळीस लावतील.

तू जेवतेस का वेळेवर? परांचीवरून काही खाऊ नकोस. आणि साडेदहा मीटरवर तू स्वतः चढायची गरज नाही, खालून दुर्बिणीनं दिसतं. तो राखणदार जुना आहे, फार बोलतो, त्याचं सगळं खरं धरू नकोस.

दोन्ही टोकांना मोजे पाठवते आहे. म्हणजे दोन्ही पायांना. बघ, काय लिहिते आहे मी.

आत्या


१७ मार्च

प्रिय आत्या,

राखणदार फार बोलतो हे तुला कसं कळलं? तू काम सोडलंस तेव्हा दुसरा होता. हा त्यानंतर चार वर्षांनी आला.

काल त्याला मी पुन्हा विचारलं. त्याने माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, “हे नाक मी ओळखतो बाई. दर ऑक्टोबरला एक बाई यायच्या, याच नाकाच्या. पिशवीत काच, लांबीचा डबा आणि एक सफरचंद. सफरचंद माझ्यासाठी. मी फक्त सज्जाची किल्ली देत होतो. बाकीचं तुम्ही घरी विचारा.”

म्हणून घरी विचारते.

दर ऑक्टोबरला तू दोन दिवस बालमैत्रिणीकडे जायचीस. मी त्या मैत्रिणीला कधी पाहिलं नाही. गेल्या ऑक्टोबरला गुडघ्यांमुळे गेली नाहीस. तुझ्या शेवटच्या पत्रावरची तारीख मी काचांच्या फोटोशेजारी ठेवली. बाबांना आकडे काढायला तूच शिकवलं होतंस, हे मी विसरले होते. ते तुझंच अक्षर काढत होते.

आणखी एक गोष्ट सांगते. कटू आहे, पण खरी आहे. तू काचा लांबीने बसवल्या आहेस, खिडक्यांना लावतात त्या. लांबी कित्येक वर्षं थोडी मऊच राहते. भिंत हलली असती तर काच लांबीत सरकली असती, तुटली नसती. त्या वीस काचा काहीच सांगत नाहीत. काच कशाने बसवतात हे न बघता तू वीस वर्षं काय बघत होतीस?

अहवालाला तेरा दिवस आहेत. त्या दिवशी तू अंगणात होतीस हेही मला आता खरं वाटत नाही. रागाने लिहीत नाही. मला ओळ बदलायची आहे, आणि तुझ्याशिवाय त्या दिवसाबद्दल सांगणारं कुणी उरलेलं नाही.

फूटपट्टी


२१ मार्च

पोरी,

बस खाली आणि वाच. उभ्याने वाचू नकोस.

मी आतच होते. बादल्या वगैरे काही नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी सज्जातून जळमटं काढत होते. लांब बांबूला कुंचा बांधलेला असायचा, त्यानं. चौथ्या फासळीपासून सुरुवात करून आठवीपर्यंत आले. दोन्ही हात वर, मान मागे, बांबूचं टोक कुठं जातंय ते शेवटी शेवटी दिसत नाही, फक्त हाताला कळतं. हाताला टक् असं लागलं. काहीतरी चमकत खाली आलं आणि बाकावर पडलं. काचेचा तुकडा. त्याच्या तीन नंबरचा.

मी तो उचलून पदरात बांधला.

का सांगितलं नाही ते विचारशील. आठवड्यापूर्वीच विश्वस्तांचा कारभारी सगळ्यांना ओरडून गेला होता, मोजणीच्या काचांना जो हात लावेल त्याला त्याच दिवशी घरी. मला घरी पाठवणं म्हणजे कुठं? नवरा सोडून गेलेला, घर भावाचं, ही नोकरीही भावानंच लावून दिलेली. वहिनी तुझ्या जन्माच्या वेळीच गेली, तू माझ्याच अंगावर. वाटलं, एक काच. त्याला कधी दिसेल तेव्हा दिसेल, दुसरी लावेल.

त्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसली. दुर्बीण डोळ्याला लावली आणि चेहरा चुन्यासारखा झाला. “तीन गेली,” म्हणाला. काच तुटली म्हणजे भिंत हलली. दहा वाजता प्रार्थनेला माणसं येणार होती, साठ-सत्तर. त्यांना आत घ्यायचं की नाही हे त्याला तेवढ्यात ठरवायचं होतं. मजूर यायला दुपार होणार होती. त्यानं दोर कमरेला बांधला आणि माझ्याकडे वळला.

“ताई, काल वर काही लागलं का?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी खोटं बोलेन असं त्याला वाटलंच नसणार. मोठी बहीण ना मी. चढला.

मी खाली झाडत राहिले. एकच जागा झाडत होते. वर बराच वेळ गेला, पंधरा मिनिटं, वीस. एकदा तो वरून काहीतरी बोलला. त्या घुमटाखाली वरचं बोलणं खाली येईतो विस्कटतं, तुला माहीत आहे. मला आवाज आला, शब्द आले नाहीत. मी “काय?” म्हणून वर बघितलं नाही. माझ्या तोंडावर सगळं दिसेल अशी भीती वाटली. मग थोड्या वेळानं तो पडला. त्या खोलगट फरशीवर नाही, तिच्या शेजारी.

लोक म्हणतात कान गेले की आवाज जातात. माझे सगळे गेले, तो गेला नाही. भांडी घासताना येतो. शब्दाविना येतो. शब्द आले असते तर एकदाचे आले असते आणि गेले असते.

काचा कशाला लावल्या विचारतेस. दर वर्षी एक लावायची आणि पुढच्या वर्षी तुटलेली असू दे म्हणायचं. एक जरी आपली आपण तुटली असती, तर भिंत खरंच हलत होती असं झालं असतं. मग त्याला तसंही वर जावंच लागलं असतं, मी हो म्हटलं असतं तरी. वीस वर्षं मी देवाच्या घरात ते घर तडकावं म्हणून प्रार्थना करत होते. एकही तुटली नाही. आता तू सांगतेस लांबीमुळे तुटणारच नव्हती. हसू आलं मला, खरं सांगते. खिडकीवाल्या दुकानदारानं दिली होती ती लांबी, मी त्याला काय सांगणार होते कशाला हवी?

आता तू मोजणारी आहेस. माझं काही मनाला लावून घेऊ नकोस. एवढंच मोज आणि सांग: भिंत हलत होती का?

आत्या


२५ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र बसून वाचलं.

काल साडेदहा मीटरवर चढले. दोर बांधून. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. भिंत हलत नव्हती. आजही हलत नाही. भेग बाबांच्या आधीपासून मेलेली आहे. चॅपेल उघडं राहील.

तीन नंबरच्या जुन्या जागी प्लास्टरच्या दोन गोळ्यांत काचेचे कडेचे तुकडे अजून अडकलेले आहेत. भिंतीने तोडलेली काच भेगेच्या रेषेवर सरळ तुटते. हिच्या डाव्या तुकड्यात एका ठिपक्यापासून चार चिरा फुटलेल्या आहेत. हा घाव आहे. तुझं म्हणणं बरोबर आहे.

खालून दुर्बिणीतून हा फरक दिसत नाही. हातभर अंतरावरून दिसतो, बघताक्षणी. म्हणजे बाबांना वर पोचल्यावर लगेच कळलं की भिंत हललेली नाही आणि माणसांना आत घ्यायला हरकत नाही. ते तुझ्यामुळे घाबरून पडले नाहीत, आत्या. त्यांची भीती वर पोचताच संपली होती.

त्यानंतर ते पंधरा-वीस मिनिटं वर काय करत होते, तेही सापडलं. फासळीच्या मागच्या बाजूला, भिंत आणि फासळी यांच्यामधल्या सांदीत, भेग तिथेही आहे. मी काठीला आरसा लावून आत धरला. आरशात आधी माझाच चेहरा दिसला, मग एक काच. तारीख उलटी दिसत होती, ती सरळ करून वाचायला मला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला. १४ ऑक्टोबर. वर्ष तेच, ते गेले ते. प्लास्टरने पक्की बसवलेली, शाबूत. साडेएकवीस वर्षं ती तिथे पहारा करत होती आणि कुणाला ठाऊक नव्हतं. भिंत हललेली नाही हे मी तिच्याच आधारावर लिहिते आहे. उजव्या गोळ्यात अंगठ्याचा ठसा आहे. प्लास्टर घट्ट होईपर्यंत त्यांनी तो दाबून धरला होता. मी त्यावर अंगठा ठेवला नाही. मागे पोचत नव्हता.

तिथे पोचायला परांचीवरून भिंतीच्या वीतभर दगडी कडेवर पाय टाकावा लागतो. दोर तिथवर पुरत नाही, सत्तर सेंटिमीटर कमी पडतो. म्हणून त्यांनी तो सोडला. नवी काच मागच्या बाजूला लावण्याचं कारण म्हणजे तिथे ऊन लागत नाही. उन्हाने काच उगाच ताणली जाते.

फाइलबद्दल. जुनी काच तुटण्याचं कारण मी अहवालात ‘अज्ञात’ असं लिहिलं आहे. त्यामुळे बाबांबद्दलची ओळ बदलता येणार नाही. कार्यालय म्हणतं, जुनी काच कशी तुटली तेच ठाऊक नसेल तर मागे जाऊन नवी लावणं गरजेचं होतं असं धरता येत नाही, निकाल राहील. राहू दे. तू म्हणालीस तेच खरं, त्यांना आता काही फरक पडत नाही. तुझ्या काचा मी काढल्या नाहीत. मोजे बसले.

तुझी,
फूटपट्टी


२७ मार्च

पोरी,

आठव्या फासळीला पुढूनही ऊन लागत नाही. मी तिथं सहा वर्षं झाडलंय. दुपारी तीनला ऊन तिसरीपर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं. हिवाळ्यात तेवढंही नाही. तू आयुष्यात पहिल्यांदा मला न मोजता काहीतरी लिहिलंस, आणि तेच चुकलं. खोटं बोलायला सराव लागतो. मला विचार.

मागच्या सांदीत काय पोचत नाही ते तुला कळलं होतं, फक्त लिहायचं नव्हतं. माझा बांबू. तो सरळ होता, फासळीच्या मागे वळणार कसा? तुझ्या बापाला वर पोचल्यावर घावही दिसला आणि बहीण खोटं बोलली तेही दिसलं. दुसरा कुणी असता तर खाली उतरून चार शब्द सुनावले असते. त्यानं काच माझ्या हातापासून लांब नेऊन लावली. पुन्हा माझ्याकडून तुटू नये, पुन्हा कुणी मला घरी पाठवू नये म्हणून. आणि त्यासाठी दोर सोडला.

हे मला कळू नये म्हणून तू त्याच्या नावावरचा डाग तसाच ठेवायला निघालीस. ज्यासाठी एवढ्या उंचीवर चढलीस, तेच टाकून दिलंस. तो असता तर त्यानंही हेच केलं असतं. म्हणूनच मी चालू देणार नाही. आपल्या घरातली माणसं मला वाचवायला म्हणून आपलं आपलं सोडून देतात. एकदा झालं तेवढं पुरे.

कळल्यावर काय वाटलं ते लिहीत नाही. दोन दिवस भांडी घासली नाहीत, एवढं सांगते.

आज सकाळी इथल्या वकिलाकडे जाऊन आले. तरुण आहे, हळू बोलतो, त्याला तीनदा ओरडायला लावलं. तो म्हणाला, “आजी, इतक्या वर्षांनी कशाला उकरता? कुणी विचारलंय का तुम्हाला?” मी म्हटलं, “विचारलंय.” कुणी ते त्याला सांगितलं नाही.

माझा जबाब या पत्रासोबत आहे. दोन पानं, सही आणि दोन साक्षीदार. काच कशी तुटली, कुणी तोडली, मी काय बोलले, सगळं आहे. तो तुकडाही पाठवते आहे, चिंध्यांत गुंडाळून. त्या घावाशी जुळवून बघ, जुळेल. ‘अज्ञात’ खोड. तीस तारखेच्या आत फाइलला लाव. लावला नाहीस तर हे गुडघे घेऊन मी स्वतः येईन, आणि मग तुझ्या कार्यालयाच्या जिन्यावर काय तमाशा होईल त्याचा विचार कर.

तुझ्या बापानं मला विचारलं होतं, “ताई, काल वर काही लागलं का?”

उत्तर सोबत जोडलं आहे.

आत्या